तर्जनीच्या जागी

उपचाराच्या, माणूस मावेल एवढ्या काचेच्या नळीचं झाकण बंद झालं आणि केतकीच्या जगातून आधी वास गेले. स्पिरिटचा, रुबीनाच्या रबरी हातमोज्यांचा, सारंगच्या शर्टात मुरलेला छापखान्याच्या जाड कागदाचा. मग बाहेरचे आवाज गेले. उरलं ते सुती चादरीचं खरबरीत अंग, पाठीखालची गार गादी आणि डावा हात. किंवा डाव्या हाताच्या जागी ठेवलेलं काहीतरी जड, बधिर, गुंडाळलेलं, ज्याच्याविषयी सगळे जण हलक्या आवाजात बोलत.

“कान गच्च झाल्यासारखे वाटतील, ताई,” नळीतल्या स्पीकरमधून रुबीना म्हणाली. ती या कक्षाची तंत्रज्ञ. “आवंढा गिळत राहा. दुखलं तर लगेच सांगा, लाजू नका.”

“लाजायला मला कोण दिसतंय?” केतकी म्हणाली.

पलीकडे रुबीना हसली. सारंग हसला नाही. एरवी अशा विनोदांवर तिच्या नवऱ्याइतकं मोकळं कुणी हसत नसे. केतकीने ते न हसणं कानांत ठेवून घेतलं.

दाब चढू लागला, तशी हवा कोमट झाली. डॉक्टर चौगुल्यांनी तिला सगळं नीट समजावलं होतं. तुटलेलं बोट जोडायचं म्हणजे केसाएवढ्या रक्तवाहिन्या एकमेकींना शिवायच्या. शिवून झालं तरी रक्त त्या नव्या वाटेला लगेच रुळत नाही; सूज येते, वाट अरुंद होते, बोटाचा श्वास कोंडतो. एरवी प्राणवायू तांबड्या पेशींच्या पाठीवर बसून शरीरभर हिंडतो. या नळीत मात्र शुद्ध प्राणवायू बाहेरच्या हवेच्या दुपटीहून अधिक दाबाने भरलेला असतो, आणि त्या दाबाखाली तो रक्तातल्या पाण्यातच विरघळतो, बाटलीतल्या सोड्यातला वायू विरघळावा तसा. मग पेशींना जिथं शिरता येत नाही, तिथंही तो ओलीसारखा झिरपत जातो.

ही चिकित्सा जुनीच. नवी होती ती शाई. जोडलेल्या बोटावर तिचा पातळ थर दिलेला असे. एक बारीक दिवा त्यावर उघडझाप करी. शाई तो प्रकाश पिऊन लाल उजेड परत देई. पण आसपास प्राणवायू असला, तर तो हा उजेड बाहेर पडण्याआधीच गिळून टाकी. त्यामुळे बोट सुखात असलं की काळोखं राही आणि गुदमरू लागलं की उजळे.

“म्हणजे उजेड वाईट आणि काळोख चांगला,” केतकी तेव्हा म्हणाली होती. “माझ्या बाजूनं विचार करणारं हे पहिलंच यंत्र निघालं.”

ती जन्मांध होती. ब्रेलच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासत असे आणि सारंग तिचा वाचक होता. लग्नाच्या आधीपासून हेच चाललं होतं. तो मूळ पुस्तक मोठ्यानं वाची, ती उठावाच्या ठिपक्यांवरून डावी तर्जनी फिरवी. उजवं बोट फक्त ओळ धरायला. वाचकानं विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची असत. “तो थांबला, स्वल्पविराम, मागे वळला, पूर्णविराम.” मुळात चूक असेल तर चुकीसकट वाचायचं. सुधारायचं नाही, गाळायचं नाही, सुरात रंग भरायचा नाही. आहे तसं. या कामाचा हा एकच नियम, आणि तो त्यांच्या संसारात कधी शिरला ते दोघांनाही कळलं नव्हतं. सारंग तिला दिसणाऱ्या जगातलं काहीही सांगे ते असंच, कोरडं आणि खरं. “साडीला डाग आहे. पदराजवळ. निघणार नाही.” रागावला की म्हणे, “जेवायला चल, उद्गारचिन्ह.” आणि राग तिथंच फुटून जाई.

तिचा सगळा उजेड त्या माणसाच्या शब्दावर चालत होता.

अपघात एका श्वासाचा. वीज गेली होती, यंत्र थांबलं होतं, रुळांत अर्धा शिरलेला, ठिपके उठवायचा पत्रा तिनं बोटांनी चाचपून पाहायला घेतला आणि वीज आली. पत्रा हलला, रूळ फिरले, पुढचं तिला आठवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिनं एकच विचारलं होतं, “वाचायचं बोट आहे ना?”

“आहे,” सारंग म्हणाला होता. “मधलं गेलं.”

त्या ‘आहे’च्या आधी त्यानं नाकानं एक लांब श्वास घेतला होता.

“रंग?” तिनं आता नळीतून विचारलं.

“लाल,” स्पीकरमधून सारंग म्हणाला. मग तो श्वास. “कमी.”

तिच्या छातीत काहीतरी आवळलं. लगेच पलीकडे एक बारीक घंटी वाजली, आणि रुबीना कुणाला तरी म्हणाली, “मॅडम, परत उजळलं.”

डॉक्टर चौगुले त्या दिवशी तिच्या खाटेशी येऊन बसल्या. त्यांच्या आवाजात तंबाखूची वाटावी अशी एक खरखर होती, आणि बोलण्यात गावाकडची पद्धत.

“केतकी, माणूस घाबरला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात. कालव्याला पाणी कमी झालं की शेवटच्या टोकाचं रान आधी वाळतं, तसं तुमचं बोट आधी वाळतंय. तुम्ही कशाला घाबरताय?”

“कुणाला माहीत.”

“यंत्र प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतं. कोण आलं, कोण बोललं, बोट कधी उजळलं.” त्या अडखळल्या. “घाबरण्याचं कारण त्याला कळत नाही. वेळ तेवढी कळते.”

“मग कधी उजळतं?”

“बघू आपण,” डॉक्टर म्हणाल्या आणि विषय बदलून जेवणाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवसापासून सारंगचा आवाज बदलला.

आधी तिच्या लक्षात आलं ते इतकंच, की नळीत आता बरं वाटतंय. तो बोलत होता, सलग, मऊ, घाई नसलेलं. लहानपणी तिच्या मामाच्या गावी विहिरीवर भर दुपारी जसा गारवा असे, तसा तो आवाज तिच्या अंगावर येऊन बसे. घंटी वाजेनाशी झाली. रुबीना म्हणू लागली, “वा ताई, आज तर बोट झोपलंच.” केतकीला त्या नळीत शिरण्याची ओढ लागली. बाहेर आल्यावर सारंग तिच्याजवळ बसे, पण फारसा बोलत नसे. मोसंबं सोले, फोडी तिच्या उजव्या हातात देई, निघून जाई. दोन सारंग झाले होते. एक काचेच्या पलीकडून प्रेम करणारा, आणि एक खाटेशी बसून गप्प राहणारा. दमला असेल, ती स्वतःला सांगे. आणि पहिल्याची वाट पाही.

तो आवाज आपल्याला अधिक आवडला, हे तिला पुढे सर्वांत जास्त सलणार होतं.

“रंग?” तिनं एकदा विचारलं.

“अगदी मंद,” आवाज म्हणाला. “संध्याकाळी डोंगरामागं उरतो ना, तसा उजेड. शांत हो, केतू.”

ती शांत झाली. आवंढा गिळला. कानांत हवा सुटली. आणि मग, फार हळू, ती शांतता आतून चरत गेली.

सारंगनं तिला आजवर कधी उपमा दिली नव्हती. संध्याकाळ तिला उजेडानं माहीत नव्हती. भिंतीची ऊब ओसरण्यानं माहीत होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय त्या आवाजात श्वासच नव्हता. वाक्यांच्या मधे तो थांबे, पण त्या थांबण्यात नाक नव्हतं, घसा नव्हता, खुर्चीची कुरकुर नव्हती. कोऱ्या कागदाला असते तशी ती जागा होती.

वेडेपणा, तिला वाटलं. नळीत पडून माणसाला काहीही ऐकू येईल.

तरीही ती म्हणाली, “सारंग, कंटाळा आला. एक मुद्रित घेऊ? मी वाक्य देते, तू वाच.”

“दे.”

हा त्यांचा जुना खेळ होता. चुकीचं वाक्य द्यायचं आणि समोरच्यानं ते तसंच परत द्यायचं. जीभ सुधारायला धावते, तिला आवरायचं. सारंग त्यात कधी हरत नसे.

“आई घरी गेला,” केतकी म्हणाली.

“आई घरी गेली,” आवाज म्हणाला, प्रेमानं.

तिनं पुन्हा तेच दिलं. आवाजानं पुन्हा ते दुरुस्त केलं, आणि पुढं म्हणाला, “आता विश्रांती घे, राणी. मी आहे इथंच.”

पलीकडे घंटी वाजली, यावेळी लांब.

दाब उतरवायला वेळ लागतो. घाई केली तर शरीर मोडतं. हवा गार होत गेली आणि केतकी त्या गारठ्यात गप्प पडून राहिली. झाकण उघडताच वास परत आले. कागदाचा वास अगदी जवळ होता.

“सारंग.”

“हं.”

“आई घरी गेला.”

त्यानं नाकानं श्वास घेतला आणि म्हणाला, “आई घरी गेला, पूर्णविराम.” आणि रडू लागला, अगदी बेढब, सर्दी झाल्यासारखा.

रुबीनानं खुर्ची ओढली. डॉक्टरांना बोलावणं गेलं. आवाजाविषयी त्यांनी काही लपवलं नाही. “या यंत्रणेचं नाव ‘सोबत’. ज्या आवाजानं रुग्ण शांत राहतो तो आवाज ती शिकते आणि बोलते. नोंदी पाहिल्यावर दिसलं की तुमचे पती बोलले की तुमचं बोट उजळतं. पण त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज तुम्हाला नकोही होता. म्हणून मी त्यांची परवानगी घेतली आणि त्यांच्याच आवाजात ‘सोबत’ लावली. तुम्हाला विचारलं असतं तर तिचा उपयोग राहिला नसता.”

“आणि हा कुठं होता?”

“नळीपाशीच,” सारंग म्हणाला. “ऐकत. माझा माईक बंद असायचा. तो माझ्यापेक्षा बरा बोलतो, केतू. मला कधी सुचलं नसतं असं बोलतो. तू त्याच्यासमोर झोपायचीस. मला वाटलं, चालू दे.”

“तू बोललास की मी का घाबरत होते, ते यंत्राला कळलं नाही,” केतकी म्हणाली. “मला आत्ता कळलं, त्या ‘आहे’आधीच्या श्वासावरून. तू काहीतरी दुरुस्त करून वाचतोयस. पहिल्या दिवसापासून. मूळ काय आहे?”

त्यानं तिच्या चादरीची कड सरळ केली.

“सारंग, मूळ सांग.”

“आत्ता नाही,” डॉक्टर मधेच म्हणाल्या. “ऐका माझं. या दिवसांत शिवलेली वाहिनी एकदा मिटली तर पुन्हा उघडायला मला जागा नाही. जे काही आहे ते महिन्याभरानं ऐका. तोवर ‘सोबत’ बोलेल. तुम्हाला ठाऊक असलं तरी बोलू द्या. शरीर फसतं, मी पाहिलंय.”

केतकीला ते खरं वाटलं, हेच भयानक होतं. आत्ताही, सगळं समजल्यावरही, तिला त्या विहिरीवरच्या गारव्यात परत जावंसं वाटत होतं. महिनाभर. बोट वाचेल. पुढं आयुष्यभर वाचता येईल. पण कुणाच्या शब्दाशी ताडून वाचायचं? एकदा त्या आवाजाखाली तिनं जाणूनबुजून अंग टाकलं, की नंतर खरा सारंग ‘डाग आहे’ म्हणाला तरी ती विचारणार, कोणता सारंग? आणि न ऐकता महिना काढायचा म्हटलं, तर ते न ऐकलेलंच तिच्या मनगटात मुठीसारखं आवळून बसणार.

तिनं उजव्या हातानं ते बांधलेलं मनगट चाचपलं. मग म्हणाली, “डॉक्टर, बोटाला सगळ्यांत जास्त प्राणवायू कुठं मिळतो?”

“नळीत. पूर्ण दाबाखाली.”

“मग मी ते तिथं ऐकेन. घाबरायचंच तर जिथं बोटाच्या पदरी शिल्लक जास्त आहे तिथं घाबरते.”

“वाहिनी आखडली तरी विरघळलेला प्राणवायू थोडा वेळ तग धरेल,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “थोडाच. आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नळी. पुन्हा कोमट हवा, कानांतला दडा, गिळलेले आवंढे. रुबीना म्हणाली, “पूर्ण दाब आलाय, ताई. बोट काळोखं आहे.” तिच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. मग खुर्ची करकरली, घसा साफ झाला, नाकानं श्वास घेतला गेला.

“आहे तसं वाच,” ती म्हणाली.

आणि सारंगनं वाचलं. साधं बोलायला त्याला जमत नव्हतं, म्हणून त्यानं कामावरचा आवाज लावला, सपाट, रंग नसलेला.

“डाव्या हाताची दोन बोटं तुटली, पूर्णविराम. तर्जनी रुळात चिरडली, स्वल्पविराम, ती जोडण्यासारखी राहिली नव्हती, पूर्णविराम. मधलं बोट पत्र्याच्या धारेनं सरळ तुटलं होतं, स्वल्पविराम, पण त्याच्या मुळाशी हाड उरलं नव्हतं, पूर्णविराम. तर्जनीचं मूळ शाबूत होतं, पूर्णविराम. डॉक्टरांनी मला विचारलं, स्वल्पविराम, मधलं बोट तर्जनीच्या जागी जोडू का, प्रश्नचिन्ह. मी हो म्हणालो, पूर्णविराम.” तो थांबला. “तू विचारलंस, वाचायचं बोट आहे का. तिथं बोट होतं. मी आहे म्हणालो.”

घंटी वाजू लागली.

केतकीच्या अंगातून सगळी ऊब एका दिशेला ओसरून गेली. ज्याच्यासाठी ती इतके दिवस जपून श्वास घेत होती ते बोट नव्हतंच. ते त्या दुपारीच संपलं होतं, आणि तिनं त्याची एकदाही आठवण काढली नव्हती. मेलेल्या माणसाचं ताट वाढत राहावं तसं ती त्याची काळजी वाढत राहिली होती. आईनं भिंतीवर टेकवून शिकवलेलं, पहिलं ‘क’ ओळखणारं, सारंगचा चेहरा पहिल्यांदा वाचणारं ते बोट. कुठं टाकलं असेल त्यांनी?

“मी आवाज तोडते,” डॉक्टर म्हणाल्या.

“नको,” केतकी म्हणाली. “रंग?”

“लाल,” सारंग म्हणाला. “भडक. वाढतोय.”

“टोकाला की सगळीकडे?”

“सगळीकडे.”

ती रडली. पुसायला हात नव्हता. एक बांधलेला, दुसरा दाबाच्या त्या उष्ण हवेत दगडासारखा पडलेला. पाणी कानांत गेलं. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“म्हणजे हे जे जोडलंय,” शेवटी ती म्हणाली, “ते निरक्षर आहे.”

“हो.”

“जन्मभर वाचणाऱ्याच्या शेजारी बसून एक अक्षर शिकलं नाही.”

“नाही शिकलं.”

“तू दुरुस्त करून वाचलंस, सारंग. छापखान्यातून तुला काढून टाकलं असतं.”

“हो.”

“मी अजून ठरवलेलं नाही काय करायचं तुझं.”

“बरं.”

“रंग?”

कपडा काचेला घासल्याचा आवाज आला. तो वाकून पाहत होता. “मुळाशी उतरलाय. टोकाला उतरला नाही.”

“एकूण उतरतोय, चांगलं लक्षण आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“टोकाला उतरला नाही,” सारंग पुन्हा म्हणाला. “नखाच्या अर्ध्यापासून वर लाल आहे.”

डॉक्टरांनी ते नाकारलं नाही. बोट राहील, त्या म्हणाल्या. टोकाचं सांगता येत नाही. वाचायला लागतं ते टोकच, आणि तिथं संवेदना यायलाही वर्ष जाईल. नळीतल्या उरलेल्या बैठकांत मन स्थिर राहिलं तर टोकही वाचण्याची शक्यता बरीच वाढेल. “म्हणून मी पुन्हा विचारते. ‘सोबत’ लावू?”

“लावू दे, केतू,” सारंग म्हणाला. आता तो वाचत नव्हता, बोलत होता, आणि शब्द एकमेकांवर आपटत होते. “मला काही वाटणार नाही. खरंच नाही. बोलू दे त्याला. मी बाहेर बसतो, गप्प. बोट जगलं पाहिजे.”

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच श्वास न घेता बोलला होता.

केतकी त्या कोमट, कोंदट हवेत पडून विचार करत राहिली. तिला टोक हवं होतं. उगाच मोठेपणा करून सोडून देण्याइतकी ती उदार नव्हती. त्या निरक्षर बोटाला पुन्हा ‘क’पासून शिकवायचं, तर टोक लागेल. आणि सारंग बोलू लागला की ती ऐकणार, तपासणार, घाबरणार. तेही काही लगेच सुटणारं नव्हतं.

“‘सोबत’ नको,” ती म्हणाली. “आणि तूही बोलू नकोस.”

“बरं.”

“पण माईक बंद करायचा नाही. तुझं गप्प बसणं मला इथं ऐकू आलं पाहिजे.”

“असं कुणी केलेलं नाही आजवर,” रुबीना पुटपुटली.

“मग करून बघा,” डॉक्टर म्हणाल्या.

खुर्ची करकरली. तो मागं रेलला असणार. त्याचा श्वास येत होता, एका नाकपुडीत किंचित शीळ घालणारा. मधेच शर्टाची बाही कशाला तरी घासली. बोटं मोडल्याचा आवाज झाला, मग आपण कुठं आहोत हे आठवून तो अर्ध्यातच थांबला. केतकी एकेक ऐकत गेली. दाबाखाली छाती हळूहळू सैल होत होती की नाही, तिला सांगता आलं नसतं. काळजी गेली नव्हती. फक्त तिच्या शेजारी आता कुणीतरी बसलं होतं.

मग माईकमधून, साऱ्या नळीभर, सारंगचं पोट मोठ्यानं गुरगुरलं.

रुबीनाला हसू आवरेना.

“सकाळपासून काही खाल्लं नाहीस,” केतकी म्हणाली.

तो गप्पच राहिला. सांगितलं होतं तसा. पोट मात्र आणखी एकदा, अधिकच निर्लज्जपणे बोललं.